मुंडावळ्यांतला मूळपुरुष

रायपूर राजधानी झालं आणि जो तो आपलं घराणं घासूनपुसून उजळायला लागला. पुरानी बस्तीतल्या अच्युतरावांना ती गरज नव्हती. त्यांचे मूळपुरुष सोन्याचे होते आणि देवघरात बसत होते.

म्हणजे सोन्याचा एक गोल टाक. एका बाजूला पुरुषाचा चेहरा, कपाळाला पानांच्या मुंडावळ्या, गाठ मानेमागे. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, हातात डहाळी. भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेल्या मूळपुरुषांच्या लग्नाची ही आठवण, मागं नवरी, असं अच्युतराव सांगत. फौजेतल्या माणसाला मिशी कशी नाही, असं त्यांच्या बायकोनं, रमाबाईंनी, एकदा विचारलं होतं. तेव्हा ते सोनारावर ढकलून मोकळे झाले.

रमाबाईंचं दुःख मिशीचं नव्हतंच. भोपाळहून नव्या मंत्रालयात आलेले बाबू घरच्या जेवणासाठी तळमळत होते आणि रमाबाईंना त्यांचे डबे सुरू करायचे होते. स्वतःचं म्हणून काही करायची एवढी एकच इच्छा. पण अच्युतराव देवघराकडे बोट दाखवत. "अन्न विकाचं? मूळपुरुषायले चालनार नाही."

मूळपुरुषांचं राजधानीत नाव व्हावं म्हणून त्यांनी हौसेनं नाण्यांचे जाणकार गंगाधरभैया यांना बोलावलं. भैयांनी भिंग लावलं.

"दादा, हा रोमचा बादशहा हाये. तिबेरियस. दोन हजार वर्सं झाली. ह्या मुंडावळ्या नाहीत, विजयाचा मुकुट हाये पानांचा."

"आन् नवरी?" अच्युतरावांनी टाक उलटवून दाखवला.

"ते त्याची माय, असं मानतात. पोट्ट्याले राज्य तिनंच मिळवून देल्लं."

रमाबाईंनी पदर तोंडात कोंबला. इतकी वर्षं त्या या परक्या माणसाला पुरणाचा नैवेद्य दाखवत होत्या, आणि तो त्यांना डबे करू देत नव्हता!

भैया गेले तरी अच्युतराव पाटावर तसेच. चेहरा एवढा पडलेला, की रमाबाईंचं हसू विरलं.

"आता घरातलं इचाराचं कोनाले?" ते म्हणाले.

"काहून? मी हाये ना. मले इचारा."

अच्युतरावांची नजर देवघराकडे गेली, मग रमाबाईंकडे वळली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ही सवय नव्हती.

"मंग... जेवाले काय हाये?"

"उद्या डब्यात जाईल, तेच," रमाबाई म्हणाल्या. "आज तुमी चव पाहा."