तीन कमानींची मोरी

मी एक जुनी दगडी मोरी आहे. मित्रांनो, स्वयंपाकघरातली नव्हे हं! आटपाडीकडच्या एका छोट्या शहरात, पेठेच्या रस्त्याखालून ओढ्याचे पाणी पलीकडे सोडणारी, तीन कमानींची मोरी.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ही पेठ आखली, त्यांनी आधी ओढा पाहिला आणि मग रस्ते आखले. प्रत्येक गल्लीचा उतार माझ्याकडे ठेवला. काठाची जागा मोकळी सोडली. हा दुष्काळी मुलूख. ओढा चार-चार वर्षे कोरडा असे. पण पाचव्या वर्षी तो कसा येतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून तीन कमानी. माझे कौतुक कुणी केले नाही, आणि पेठेत कधी पाणीही शिरले नाही.

पुढे मोकळ्या जागेत टपऱ्या आल्या, मग पक्की दुकाने. गेल्या वर्षी रस्ता रुंद करायला घेतला. ठेकेदार लालासाहेबांनी माझ्या दोन कमानींत राडारोडा भरायला सांगितला. वर सहा गाळे काढायचे होते.

कामावरची इंजिनिअर अक्षता याच पेठेतली. ती जुना नकाशा शोधून घेऊन आली.

"लालासाहेब, सगळ्या पेठेचं पाणी हितनं जातं. ह्या कमानी बुजवू नका."

"आवं मॅडम, वढ्याला पाणी कवा बघितलंय तुमी? शंभर वर्साच्या कागदावर आजचं शहर चालत न्हाई."

"शहर आजचं हाय, हे पाण्याला कोण सांगणार?"

लालासाहेब नुसते हसले. अक्षताने वरिष्ठांना दोनदा पत्र लिहिले. 'काम थांबवू नये,' एवढेच उत्तर आले. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच पोटात विटांचे तुकडे पडत होते. मला ओरडावेसे वाटे. पण दगडाला ओरडता येत नाही.

या ऑक्टोबरात भर दुपारी तीन तास पाऊस कोसळला. एका कमानीतून किती पाणी जाणार? ते मागे फिरले आणि गल्लीत घुसले. गल्लीच्या टोकाला भामाबाई शिवणकाम करतात. त्यांचे मशीन बुडाले, गिऱ्हाइकांच्या साड्या वाहून गेल्या. अक्षताने कंबरभर पाण्यातून त्यांना बाहेर काढले.

"आगं, माझ्या सासूच्या काळात बी हितं पाणी चढलं न्हाई. आताच कसं गं?"

"मोरी बुजवली, मावशी. मला थांबवता आलं न्हाई."

आठवड्याने साहेब लोक आले, फोटो काढून गेले. ठरले काय, तर माझ्या शेजारी दोन फूट रुंदीचा एक पाइप टाकायचा! ते ऐकून भामाबाई घमेले घेऊन थेट माझ्या पोटात उतरल्या. मागोमाग अक्षता. संध्याकाळपर्यंत गल्लीतली अकरा माणसे राबली आणि एक कमान मोकळी झाली. दुसरीत मात्र गाळ्याचा खांब उभा आहे. तो घमेल्याने निघत नाही.

मित्रांनो, मोकळी जागा दिसली की 'इथे काय बांधू?' असे विचारू नका. ती कुणी आणि कशासाठी मोकळी सोडली, ते आधी विचारा. उत्तर जुन्या नकाशात सापडेल. आणि तुम्ही मोठे होऊन सही करायच्या खुर्चीवर बसाल, तेव्हा अक्षतासारख्या कुणाचे पत्र येईल. ते पहिल्यांदा येईल, तेव्हाच वाचा.