अमेरिकेचा राग

आमचे मालक शिवसामी कोइमतूरला अर्थशास्त्र शिकलेले. तिरुपूरच्या आमच्या कारखान्यात दुपारचा चहा आला की पेपर घेऊन ते शिलाई मशिनींच्या मध्ये उभे राहायचे आणि आम्हा बायकांना जग समजावून सांगायचे. अमेरिका आणि चीनचं बिनसलं तेव्हा खुशीत होते. "आता अमेरिकेची गिऱ्हाइकं चीन सोडून आपल्याकडे येणार," म्हणाले, आणि नव्या मशिनी आणल्या. झालंही तसंच. त्याच वर्षी मी लाइनची सुपरवायझर झाले.

मग अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के कर लावला.

"एवढा राग कशाचा, मुदलाळी?" कॉलर शिवणाऱ्या वडिवूने मालकांना विचारलं.

"रशिया लढाई करतोय आणि आपला देश त्याचं तेल घेतो म्हणून."

"मी तर पाव लिटर शेंगतेल घेते, तेही कोपऱ्यावरून."

सगळ्या हसल्या. मालकही हसले, पण चहा त्यांनी घेतला नाही.

नाताळसाठी लहान मुलांचे कपडे शिवून तयार होते, छातीवर हरणं असलेले. तिकडच्या दुकानदाराने ते उचललेच नाहीत. मग मानेवरच्या त्याच्या नावाच्या पट्ट्या उसवायला आम्हाला बसवलं. आमचेच टाके, आम्हीच काढत होतो. माल इरोडच्या बाजारात किलोवर गेला.

नंतर मालकांनी मला आत बोलावलं. "पोन्नी, अर्धी लाइन बंद करतोय. कुणाला ठेवायचं ते तू सांग. त्यांचे हात तुला माहीत आहेत."

"तुम्हीच सांगा की. जग तुम्हाला कळतं."

त्यांनी हजेरीची वही माझ्यापुढे सरकवली.

वडिवू आणि मी पोरवयात एकाच बसने या गावात आलो होतो. पण तिची नजर अधू झाली होती, हात मंदावला होता. तिला ठेवलं असतं तर बाकीच्यांना तोंड दाखवता आलं नसतं. नळापाशी गाठून मीच तिला सांगितलं.

"मलाच का, ते विचारत नाही," ती म्हणाली. "घरी काय सांगू, ते सांग. नवरा विचारणार, काय चूक केलीस."

"सांग, अमेरिकेने कर लावला."

"खोटं बोलतेस म्हणून मारेल, अक्का."

संध्याकाळी मी तिच्यासोबत घरी गेले. नवरा उंबऱ्यात बसला होता. "अमेरिकेला हिचं काय पडलंय?" त्याने विचारलं. मी मालकांच्याच शब्दांत सांगू लागले. लढाई, रशिया, तेल. बोलता बोलता ते माझं मलाच खोटं वाटायला लागलं. त्याने ऐकून घेतलं, वडिवूला आत घेतलं आणि दार लावलं. मी गल्लीत उभी राहिले. आतून आवाज आला तेव्हा दार वाजवलं. कुणी उघडलं नाही.

पुढे वडिवू पल्लडमला कोंबड्यांच्या शेडमध्ये लागली. काही महिन्यांनी कर उतरल्याची बातमी आली. मालक पुन्हा पेपर घेऊन आले, पण कुणी मशिनीवरून मान वर केली नाही. थोडं काम आलं, तेव्हा मी वडिवूला बोलवायला शेडवर गेले. तिच्या अंगाला कोंबड्यांचा वास येत होता, भुवईवर जुना व्रण होता.

"नको," ती म्हणाली. "इथलं काम गेलं तर कोंबड्या मेल्या असं सांगता येतं. ते त्याला पटतं."

आणि खाद्याचं घमेलं उचलून ती आत गेली.