दोघांचं जमेल

आधीचं घर

दीड खोली. स्वयंपाकघरात दोघं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास घ्यायला बाहेर जायचं, असं सासूबाई म्हणत. नवरा बेकरीत रात्रपाळीचा भट्टीवाला. उजाडता उजाडता घरी यायचा, भुवयांत मैदा घेऊन. बायको हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. दिवसपाळी. ती परतायची तेव्हा तो निघून गेलेला. दोघांच्या सुट्टीचे वारही वेगळे. म्हणजे तो सकाळी आल्यापासून ती निघेपर्यंत जेवढं मिळेल, तेवढाच संसार. एक चहा, फार तर दीड. त्यातच भांडणंही उरकावी लागत.

"कालचं तुझं बोलणं अर्धं राहिलंय."

"मग बस, पूर्ण करते. पण आधी भुवया पूस. म्हाताऱ्याशी भांडल्यासारखं वाटतं."

त्या वेळाला त्यांनी कधी काही नाव दिलं नव्हतं. म्हणून घर बदलायचं ठरलं आणि काय मिळेल, काय सुटेल याची मोजदाद झाली, तेव्हा तो वेळ कुणाला आठवलाच नाही.

का

सासूबाईंचे गुडघे. चार मजल्यांचा जिना. वर्ष झालं, त्या खाली उतरल्या नव्हत्या. खिडकीत बसून समोरच्या भिंतीला नावं ठेवत.

दलाल

"शहराबाहेर आहे, पण अगदी शहराला लागून."

"किती लागून?"

"ताई, बसमध्ये बसायचं, डोळा लागतो. डोळा उघडला की शहर!"

"आणि बसायला नाही मिळालं तर?"

"तर उभ्याने लागतो."

तळमजला. तीन खोल्या. मागच्या दारी माती. सासूबाईंनी त्या मातीत अनवाणी पाय ठेवला आणि बराच वेळ कुणाशीच काही बोलल्या नाहीत. त्यांचं गप्प बसणं घरात कुणी पाहिलं नव्हतं. तिथेच ठरलं.

तरी आधी पाहून घेऊ

दोघं व्यवहारी. हो म्हणण्याआधी प्रवास करून बघायचा, असं त्यांनी ठरवलं. एका सकाळी तो बेकरीतून थेट तिकडे गेला. सगळी गर्दी उलट्या दिशेला, त्याची बस रिकामी. म्हणाला, "जमेल."

मग सुट्टी बघून ती तिथून हॉस्पिटलपर्यंत आली. लोंबकळत, पण वेळेवर. म्हणाली, "जमेल."

त्याचं खरं होतं. तिचंही खरं होतं. दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहिलं नाही.

नवं घर

ती अंधारात निघते. तो उन्हं वर आल्यावर पोहोचतो. मध्ये हमरस्त्यावर कुठेतरी दोघांच्या बस एकमेकींना ओलांडतात. सुरुवातीला दोघंही खिडकीकडे डोळे लावून असायची. एकदा त्याला ती दिसली. त्याने जोरात हात हलवला. समोरच्या बाईनेही हलवला. ती दुसरीच कुणीतरी होती.

फोन? होता की. पण एक जण भट्टीपुढे, एक जण एक्स-रेच्या खोलीत, आणि उरलेल्या वेळात दोघांपैकी एक कायम झोपलेलं. सुट्टीच्या दिवशीही तेच; ज्याची सुट्टी, तो आठवड्याची झोप भरून काढायचा.

निरोप

मग सासूबाईच टपाल झाल्या.

"काय म्हणाला तो?"

"नळ गळतोय म्हणाला."

"अजून?"

"अजून म्हणाला, ती फार बारीक झालीय. जेवते की नाही नीट?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये कुणाचा तरी कोपर बरगडीत रुतत होता, तरी ती सगळ्या वाटेत आतल्या आत हसत होती. हॉस्पिटलच्या फाटकाशी तिच्या लक्षात आलं: गेल्या कित्येक दिवसांत त्याने आपल्याला उभं पाहिलेलंच नाही. बारीक झालीय हे त्याला कुठून कळणार?

संध्याकाळी तिनेच सासूबाईंकडे निरोप दिला.

"त्याला सांगा, आठवण येते म्हणावं."

"एवढंच? तू राहू दे, मी नीट सांगते."

परत

परत जाऊ या, असं ती एका सुट्टीच्या दिवशी सासूबाईंना म्हणणारच होती. म्हणायला मागच्या दारी गेली. सासूबाई कुंपणाशी उभ्या होत्या. काठीशिवाय. शेजारणीला वेल कसा चढवायचा ते शिकवत होत्या, आणि शेजारीण चुकली म्हणून खदाखदा हसत होत्या.

ती तशीच आत आली.

एक सकाळ

तिने रजा घेतली. त्याला सांगितलं नाही, सासूबाईंनाही नाही. रोज त्याच्या थापेने सासूबाई उठत; आज थाप पडायच्या आत तिने दार उघडलं.

"बरं नाही का तुला?"

"बरी आहे. तुझ्यासाठीच थांबलेय."

"अच्छा."

तो बसला. तिने चहा ठेवला. नव्या स्वयंपाकघरात टेबल होतं, त्याच्या दोन बाजूंना दोघं. तिने विचारलं, दमलास? तो हो म्हणाला. त्याने विचारलं, बसला गर्दी असते? ती असते म्हणाली. नळ दुरुस्त झाला होता, त्यामुळे त्याचंही काही बोलण्यासारखं नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं तसं, आणि मग कपाकडे पाहिलं.

"आई उठली का?"

"उठवू?"

"बघ ना."

ती आत गेली. सासूबाईंच्या खांद्याला हात लावला.

"आई, जरा बाहेर येता? तो आलाय."

"मग तुम्ही बोला की गं," त्या झोपेतच म्हणाल्या. "मी कशाला मध्ये?"

ती त्यांचा हात धरून तशीच उभी राहिली.