बारा किलो रोग

पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध भलामोठा तराजू टांगला होता: नऊ फुटांचा बांबू, त्याला दोन पाळणे. एका पाळण्यात रोगी बसे, दुसऱ्यात बुवा किलोकिलोचे दगड टाकत. मागच्या खेपेहून दगड कमी लागले की तेवढा रोग अंगातून उतरला. हिशेब सोपा, गिऱ्हाईक त्याहून सोपं.

आज पाळण्यात शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या बाईंची धाकटी बहीण बसली होती. मधुमेह, त्यात पायाच्या बोटाला जखम.

"मागच्या महिन्यात साठ, आज अठ्ठेचाळीस. बारा किलो रोग गेला, बाळ. आता सुई कशाला टोचायची?" बुवा म्हणाले. लोकांनी हात जोडले. बुवांच्या भरवशावर तिचं इन्सुलिन तर पंधरवड्यापूर्वीच बंद झालं होतं.

बाईंना राग यायला हवा होता. पण आई गेल्यापासून त्यांना कशाचं काही वाटेनासं झालं होतं. जेवत होत्या, शिकवत होत्या, इतकंच. आताही मनात एक कोरडी शंका तेवढी आली: बारा किलो गेले, तर हिचा ब्लाऊज अजून तितकाच घट्ट कसा?

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं लाकडी पट्ट्यांचे तराजू बनवत होती. वजनाला लोखंडी वॉशर. एका मुलीच्या तराजूत पाच वॉशरांना चारच पुरत होते.

"भोक मधोमध पाडायला सांगितलं होतं ना?"

"चुकलं, बाई. एक बाजू चार इंच झाली, एक पाच. पण बघा ना, लांब बाजूला कमी टाकलं तरी भागतं. पाच चोक वीस, चार पंचे वीस."

मार्क कापायला उचललेलं पेन बाईंनी खाली ठेवलं. साठ चोक दोनशे चाळीस. भागिले पाच, अठ्ठेचाळीस.

संध्याकाळी त्या बहिणीला आणि वर्गाला घेऊन पटांगणात गेल्या.

"बुवा, हिला दगडांच्या बाजूला बसवून तोला."

"ताई, बाजू बदलली तर उतरलेला रोग उलटा चढतो."

रोगालाही डावं-उजवं कळतं म्हणायचं. तोवर त्या मुलीने बांबूला टेप लावली होती. बांबू ज्या कडीला टांगला होता, तिच्यावरचं भगवं फडकं तिने बाजूला केलं. बांबूच्या मध्यावर जुनी खाच होती, कडी मात्र अर्धा फूट रोग्याकडे सरकवलेली.

"इकडे चार फूट, तिकडे पाच," ती म्हणाली.

रोग्याच्या पाळण्यात अजून कुणी बसलं नव्हतं, आणि दगडांचा रिकामा पाळणा नेहमीप्रमाणे शिष्याने धरून ठेवला होता. "हात सोडा," बाई म्हणाल्या. त्याने सोडला, आणि रिकामा पाळणा जमिनीला टेकला. दिवसभर तागडी धरणारा वाणी गर्दीत होता, तो खाली बघू लागला.

बहिणीने हळूच विचारलं, "म्हणजे माझा रोग गेलाच नव्हता?"

"नाही गं. कडी सरकली होती."

त्याच रात्री दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोट काढावं लागेल, पाय वाचेल. बाईंनी मान डोलावली. रडू आलं नाही.

सकाळी त्यांनी मुलीचा तो चुकलेला तराजू टेबलावर टांगला आणि वर्गाला सांगितलं, "कुणी काही तोलून दाखवलं, तर बाजू बदलून पुन्हा तोला. जो बदलू देत नाही, त्याच्या पाळण्यात आपलं माणूस बसवू नका."