एक्कावन्नावी चिठ्ठी

लोकांनी मतं देऊन खालच्या सभागृहात माणसं पाठवायची आणि त्या माणसांनी मतं देऊन वरच्या सभागृहात माणसं पाठवायची, असा तिथला नियम होता. खालच्या सभागृहात एकशे एक सदस्य. वरची एक जागा रिकामी झाली होती आणि ती मिळवायला एक्कावन्न मतं हवी होती. तेवढी कुणालाच मिळाली नाहीत, तर पुन्हा नवे अर्ज. सत्ताधारी पक्षाकडे माणसं होती नेमकी एक्कावन्न.

त्यांतला एक धंद्याने शिंपी होता. पक्षाचा उमेदवार त्याचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. हा कंत्राटदार. त्याने शिंप्याच्या गावात बांधलेली पाण्याची टाकी पहिल्याच वर्षी कोसळली आणि शिंप्याच्या दुकानात मशीन चालवणाऱ्या बाईचा पाय गेला. "चौकशी होईल," असा शब्द शिंप्याने तिला दिला होता. पण मेहुणा एकदा वरच्या सभागृहात गेला की तिथल्या कायद्याने सहा वर्षं त्याची चौकशी करता येणार नव्हती. पक्षाविरुद्ध मत द्यावं, तर शिंप्याची स्वतःची जागा त्याच दिवशी जाणार होती.

मतदानाच्या खोलीबाहेर रांग लागली. मेहुणा मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "भाऊजी, माझ्या नावापुढे एक लिहायचा. नुसता एक. येतो ना?"

रांग हसली.

"मापं मीच लिहितो," शिंपी म्हणाला.

"म्हणून तर तुमची गिऱ्हाइकं विजार हातात धरून चालतात!"

"टाकीचं माप कुणी लिहिलं होतं?"

मेहुण्याचं हसू मावळलं. "जीभ आवरा. बहिणीकडे बघून तुम्हाला तिकीट दिलंय. एरवी तुमच्या डोक्यात काय शिरतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

आत अधिकाऱ्याने नियम वाचून दाखवला. चिठ्ठी पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची, फक्त त्यालाच. दुसऱ्या कुणाला दाखवली की मत बाद.

शिंप्याने मेहुण्याच्या नावापुढे ठळक एक लिहिला. आपल्या प्रतिनिधीला दाखवला. त्याने मान डोलावली. पेटी चार पावलांवर होती. तिसऱ्या पावलाला शिंपी वळला आणि विरोधी पक्षाच्या प्रतिनिधीसमोर चिठ्ठी धरून म्हणाला, "अहो, एक नीट आलाय ना? मेहुण्याला शंका होती."

"मत बाद!" अधिकारी ओरडला.

पन्नास, पन्नास आणि एक बाद.

मेहुण्याने व्हरांड्यात शिंप्याची कॉलर धरली. "गाढवा, एवढा साधा नियम कळला नाही?"

"माझ्या डोक्यात काही शिरत नाही. सकाळी तुम्हीच तर सगळ्यांना सांगितलंत."

"मुद्दाम केलंस!"

"सिद्ध करा."

पक्षाध्यक्ष मधे पडले. शिंप्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "नव्या अर्जावर दुसरं नाव टाका," ते सचिवाला म्हणाले. "आणि या मूर्खाला पुढच्या खेपेला तिकीट नाही."

थोड्या वेळाने बायकोचा फोन आला.

"दादाचं मत तुम्ही बाद केलंत?"

"चुकलं माझं."

"तीस वर्षांत तुमचं माप पाव इंचाने चुकलेलं मी पाहिलं नाही."

शिंप्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कळलं," ती म्हणाली. "दादा इथे आलाय. तुम्ही येऊ नका."

फोन बंद झाला. शिंप्याने उसवलेली कॉलर दुमडून घेतली आणि दारावरच्या शिपायाला विचारलं, "चौकशीचा अर्ज कुठल्या खिडकीवर घेतात?"