हसा बरं

मी काच बोलतेय, आणि भांडायलाच बोलतेय. माझ्या फोटोवालीवर कुणी विश्वास ठेवला नाही. अख्ख्या गल्लीत एकानंही नाही. ती घसा फोडून सांगत होती, "मी फोटो विकले नाहीत हो, मी नाही विकले," आणि माणसं तिच्याकडे बघत होती दूध पिऊन मिशा चाटणाऱ्या मांजरीकडे बघावं तशी. साक्षीदार मी एकटी. पण काचेची साक्ष कोण काढतो?

कॅमेऱ्याच्या तोंडाला असते ती मी. शिकलेली माणसं लेन्स म्हणतात. म्हणोत बापडी. मी वाळूची पोर. आधी भट्टीत वितळले, मग एका कारखान्यात मला इतकं घासलं, इतकं घासलं, की अंगावर खरखर म्हणून उरली नाही. उरली ती सगळी स्वभावात. माझ्यातून बघितलं की माणूस उलटा पडतो, पाय वर अन् डोकं खाली. कॅमेरा त्याला सरळ करतो. बाकी उलटं झालेलं सरळ करणारं यंत्र अजून कुठल्या कारखान्यात निघालेलं नाही.

एका हातातून दुसऱ्या हातात जात मी एका फोटोवाल्याकडे आले. रस्त्याच्या कडेला जुनी इमारत, तळाशी त्याचा स्टुडिओ. एक स्टूल, एक निळा पडदा, भिंतीला आरसा, आणि कुणी पळवू नये म्हणून दोरीनं बांधलेला कंगवा. वरच्या मजल्यावर त्याचं बिऱ्हाड. शेजारच्या खोलीत त्याची वहिनी, म्हणजे त्याच्या बायकोची मोठी जाऊ. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, तोंडात दात नाहीत, पण जिभेला धार अशी की भाजी चिरून घ्यावी.

फोटोवाल्यानं बायकोला काम शिकवलं. तिची शाळा चौथीपर्यंत. तो म्हणायचा, "डोळ्यांवर नेम धरायचा, 'हसा बरं' म्हणायचं आणि दाबायचं. यापलीकडे या धंद्यात काही नाही." पुढे तो वारला आणि मी तिच्या गळ्यात आले. माझं झाकण कधीचंच हरवलं होतं, म्हणून ती जाईल तिथलं सगळं मला दिसायचं.

'हसा बरं' म्हटल्याशिवाय तिचं बोट दाबायचंच नाही. जीभ आणि बोट एकाच दोऱ्यात ओवल्यासारखं. ओळखपत्राचे फोटो माणसं परत घेऊन यायची. "बाई, हसरा चालत नाही म्हणे." ती म्हणायची, "मग रडका दुसरीकडून काढून घ्या." एकदा तर मयताच्या घरी शेवटचा फोटो काढायला गेली आणि सवयीनं म्हणाली, "हसा बरं." मोठ्या जावेनं कपाळावर हात मारला. "अगं धाकटे, त्याला तरी सोड!"

मग गल्लीच्या तोंडाशी पत्रे उभे राहिले. पत्र्यामागे यंत्रं आली. जुन्या इमारती पाडून तिथे मनोरा उभा राहणार होता. ज्यांच्याकडे कागद, त्यांना खोली मिळणार. गल्लीत बऱ्याचजणांकडे तो नव्हता, फोटोवालीकडेही नाही. मोठ्या जावेच्या खोलीचा तर कागदच नव्हता. ती तिथे राहत होती, हाच तिचा कागद.

बिल्डरचा एक माणूस घरोघरी फिरायचा. इतका गोड बोलायचा की गल्लीनं त्याचं नाव साखऱ्या ठेवलं. मोठ्या जावेला म्हणाला, "आजी, तुमची सोय बघू की." ती म्हणाली, "माझी सोय आहे रे बाबा. तू तुझी गैरसोय कर आणि जा."

लोकांनी मोर्चे काढले. 'घर आमचं, घर आमचं' अशा आरोळ्या. फोटोवाली प्रत्येक मोर्चात मला घेऊन पुढे. माणसाची एक खोड मी तिथे पाहिली. मी समोर आले की आरोळी थांबायची, कॉलर नीट व्हायची, केसांवरून हात फिरायचा. त्यात ही ओरडायची, "हसा बरं!" की वर वळलेल्या मुठी आणि खाली बत्तीस दात. मोर्चा आहे की लग्नाची वरात, माझं मलाच कळेना. मी कितीदा मनात ओरडले, अगं, ओठ मिटू दे त्यांचे! पण काचेला आवाज फुटतो तो फक्त फुटताना.

गल्लीच्या कमिटीचे पुढारी म्हणजे मास्तर, शाळेतून रिटायर झालेले. सरकारी साहेबापुढे सुनावणीची तारीख आली तेव्हा त्यांनी डोकं चालवलं. "प्रत्येकानं आपल्या दारात पाटी धरून उभं राहायचं. साहेबाला दिसू दे, इथे जिवंत माणसं राहतात." पाटीवर त्यांनी सुबक अक्षरात दोनच शब्द लिहिले : घर आमचं.

तीच एक पाटी दारोदार फिरली. फोटोवालीनं सगळ्यांचे फोटो काढले. डोळ्यांवर नेम, हसा बरं, टिक. शेवटी मोठ्या जावेचं दार आलं.

"हसा बरं, ताई."

"घर चाललंय आणि दात कुणाला दाखवू? आहेत कुठे ते?"

"फोटो रडका नको यायला. साहेब म्हणेल, म्हातारी आजारी आहे, हलवा हिला."

"हसत नाही जा."

"ताई, मोठे भाऊजी तुम्हाला पहिल्यांदा घरी घेऊन आले, तेव्हा याच चौकटीवर डोकं आपटून घेतलं होतं ना?"

म्हातारी पाटी छातीशी धरून अशी काही हसली, की तोंडाचं बोळकं उघडं पडलं आणि डोळे दिसेनासे झाले. एवढा चांगला फोटो माझ्यातून आधी गेला नाही आणि नंतर जाणार नाही. देखणेपणा असा शाप होऊन बसतो.

सुनावणीला फोटोवाली मला गळ्यात अडकवून गेली. मास्तरांनी फोटोंचं पाकीट साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी एकेक फोटो बघितला आणि म्हणाले, "ही माणसं तर खूश दिसतायत."

साखऱ्या समोरच बसला होता. "खूशच आहेत साहेब. पाटी वाचा ना. घर आमचं! नव्या घराचा आनंद आहे तो."

"अहो, जुन्या घराचं म्हणतायत ते!" फोटोवाली उठून ओरडली.

"बाई, पाटीवर नवं-जुनं कुठे लिहिलंय?" असं म्हणत साहेबांनी पाकीट सरळ साखऱ्याकडे सरकवलं. "बघून घ्या." साखऱ्यानं ते बॅगेत टाकलं. मी बघितलं. मास्तरांनीही बघितलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

थोड्याच दिवसांत गल्लीच्या तोंडाच्या पत्र्यांवर एक प्रचंड बोर्ड लागला. त्यावर मागे मनोऱ्याचं चित्र, पुढे मोठ्या जावेचं हसरं बोळकं आणि खाली ठळक अक्षरं : घर आमचं. येणारेजाणारे थांबून म्हणायचे, "किती गोड आजी!"

गल्ली पेटली, पण बोर्डावर नाही. बोर्ड उंच होता. फोटोवाली हाताशी होती. एकजण म्हणाला, "तुझाच कॅमेरा, तुझेच फोटो. घरभेदी कुठली!" दुसरी म्हणाली, "आम्हाला हसायला लावलंस ते यासाठीच होय गं?" हिनं मास्तरांचे पाय धरले. "तुम्ही सांगा ना, तुमच्यासमोर साहेबांनी पाकीट दिलं साखऱ्याला." मास्तर खाली बघत म्हणाले, "आता मला नीटसं आठवत नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. फासाची दोरी ओढायला शिकलेली माणसं लागतात.

ती जिना चढून मोठ्या जावेच्या दारात गेली. "ताई, तुम्हाला तरी पटतं ना?"

म्हातारीनं मान वर केली नाही. "कितवा मजला दिला गं तुला?"

एवढंच. ज्या जिभेनं जन्मभर शिव्या दिल्या, ती जीभ त्यानंतर धाकटीशी बोललीच नाही.

खोल्या रिकाम्या करायला माणसं आली, तेव्हा मोठी जाऊ उंबऱ्यात खुर्ची टाकून बसून राहिली. त्यातला एकजण हसून म्हणाला, "आजी, फोटोत तर किती खूश होतात! आता काय झालं?" दोघांनी तिला खुर्चीसकट उचललं आणि फुटपाथवर आणून ठेवलं. मग यंत्राचा दात भिंतीत शिरला. फोटोवालीनं मला डोळ्याला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा ती 'हसा बरं' म्हणाली नाही, आणि बोट दाबलंच गेलं नाही. इमारत पडली, तिचा एकही फोटो नाही.

आता मी शहराच्या पार टोकाला, भाड्याच्या खोलीत, कपाटावर पडून असते. माझ्या पोटात बुरशी धरलीय, कोळ्याच्या जाळ्यासारखी. फोटोवाली दुसऱ्यांची भांडी घासते. मला पुसत नाही, विकतही नाही. मोठी जाऊ कुणा लांबच्या भाचीकडे गेली. तिथून कसली खबर नाही. बोर्डावर मात्र ती अजून हसतेय म्हणतात.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. घर वाचवायला उभे राहाल तेव्हा फोटो जरूर काढा. पण हसू नका. समोरच्या बाईनं कितीही लाडीगोडी लावली तरी हसू नका. तुमचं हसू कोण कुठल्या भिंतीला चिकटवील, सांगता येत नाही.

बुरशी चढण्याआधी मी स्वच्छ बघितलेलं शेवटचं दृश्य त्या फुटपाथवरचं आहे. धूळ खाली बसत होती. कुठल्याशा पेपरचा एक बातमीवाला पोरगा खुर्चीतल्या म्हातारीपुढे वाकला आणि म्हणाला, "आजी, सगळ्यांना कळू दे. कुणी घालवलं तुमचं घर?" पलीकडे साखऱ्या उभा होता, साहेबांची गाडी होती, मास्तर होते. म्हातारीनं त्यांच्यातल्या एकाकडेही बघितलं नाही. तिनं हात उचलला, बोट सरळ माझ्यावर रोखलं, आणि काचेलाही तडा जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आमच्या धाकटीनं."