घासलेली मुळं

समजा, तुम्ही टोमॅटोचं वीतभर रोप आहात. घसा कोरडा पडलाय, पायाशी भरपूर पाणी आहे, पण तोंडच कुणीतरी पुसून टाकलंय! काय कराल?

आत्याच्या रोपवाटिकेत त्या दुपारी चाळीस रोपं अशीच माना टाकून बसली होती.

सकाळी माळीकाका खत आणायला गेले, तेवढ्यात आत्याच्या भाचीनं ती कुंड्यांत लावून टाकली होती. मुळांची माती तिला बघवेना, म्हणून आधी नळाखाली धरून, ब्रशानं घासून ती पांढरीशुभ्र केली होती.

“काका, पाणी पाजलंत की नुसती झारी दाखवलीत?” आत्या कडाडली.

“पाजलं की, ताई. माती ओली आहे, बघा.”

आत्यानं एक रोप उपटून भिंगाखाली धरलं. रागातही तिची शिकवायची खोड जात नसे. तिनं भाचीला हाक मारली, “लुडबुडे, इकडे ये. मुळाच्या टोकाजवळ बारीक लव हवी. तिचा एकेक केस म्हणजे एकाच पेशीचा दोऱ्यासारखा लांबलेला भाग. भिंत पातळ, म्हणून पाणी चटकन आत शिरतं. खोडात पाणी वर न्यायला पोकळ नळ्या आहेत, पण खालून पाणीच आलं नाही तर त्या काय करणार?”

भाचीनं पाहिलं. मूळ पार टकलं होतं. तिचे कान तापले.

“कुणी घासली ही?”

काकांनी एकवार भाचीकडे पाहिलं. “माझंच चुकलं, ताई. घाईत झालं.”

“वीस वर्षांत हेच शिकलात? उद्यापासून नुसत्या कुंड्या उचला. रोपांना हात लावायचा नाही!”

काका मातीचे हात फडक्याला पुसू लागले. स्वच्छ झाले तरी पुसतच राहिले.

भाचीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. रोपांचं नुकसान चुकून झालं होतं. पण हे गप्प बसणं काही चुकून नव्हतं. आत्या पाठ फिरवून निघाली, तशी ती धावत जाऊन वाटेत उभी राहिली.

“मी घासली, आत्या. सगळी चाळीस. काका तिथं नव्हतेच.”

“मग मघाशी तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?”

ती काकांकडे वळली. मान वर करून म्हणाली, “माझ्यामुळे तुम्ही बोलणी खाल्लीत, काका.”